ज्वारी नेमकी कुठे बाटते? परदेशी स्वयंपाकातून किशोरवयीन मुलांशी भेदभावाबद्दल बोलण्याची एक रीत

बावीस मुलांच्या घरून प्रत्येकी दोन वाट्या ज्वारी मागवली तेव्हा एकाही घरातून हरकत आली नाही. सगळी ज्वारी एकाच पिशवीत ओतून गिरणीतून दळून आणली, तेव्हाही नाही. शनिवारी सकाळी मुलांनी त्या पिठात पाणी घालून ते कालवलं, घरी जाऊन तसं सांगितलं, आणि रात्री एका आईचा फोन आला. "बाई, पोरगा येईल उद्या, पण डबा घरूनच आणील. चालंल ना?"

दाणे चालले, पीठ चाललं. पाणी पडलं आणि अडलं. 'आपल्याकडे आता असलं काही राहिलं नाही' असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग एकदा जरूर करावा.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन चार रविवार परदेशी स्वयंपाक करायचा आणि तो करता करता भेदभावावर बोलायचं, असा उपक्रम काही वर्षं चालवते आहे. पहिल्या वर्षी बऱ्याच चुका केल्या. त्या इथे लिहिते आहे, म्हणजे तुमच्या हातून टळतील.

परदेशीच पदार्थ कशाला, असं पालक विचारतात. कारण साधं आहे. आपल्या गावात कुठल्याही पदार्थाचं नाव काढलं की तो कुणाच्या घरचा हे मुलांना लगेच कळतं. इथिओपियाच्या ताटाला आपल्याकडे अजून जात चिकटलेली नाही. त्या ताटाभोवती मुलं मोकळी बसतात, दूरच्या अन्यायावर तावातावानं बोलतात आणि बोलता बोलता आपल्याच दारात येऊन थबकतात. मात्र शाळेच्या गॅदरिंगला झेंडे लावून, टोप्या घालून न्यूडल्स विकण्याचा जो 'फूड फेस्टिव्हल' होतो, तो हा नव्हे. त्यातून मुलं सॉसच्या बाटल्यांची नावं शिकतात, एवढंच.

तयारी: तारीख, जागा आणि माठ

तारखा एप्रिलच्या मध्यापासून पुढे धरा. दिवाळीच्या आसपास गेलेली ऊसतोडीची कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुलं गावात नसताना भेदभावावर वर्ग घेणं म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच गैरहजर. रमजानचा महिना येत असेल तर तो टाळा.

जागा कुणाच्या घराची नको, देवळाची नको, कुठल्या एका समाजाच्या सभागृहाचीही नको. शाळेची खिचडीची शेड सर्वांत बरी. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. वीस ते चोवीस मुलं पुरेत. त्याहून जास्त झाली की चुलीपाशी लक्ष राहत नाही. गॅसजवळ आणि विळीजवळ एकेक मोठं माणूस कायम उभं हवं. कांदा चिरणं, पीठ कालवणं, वाढणं, भांडी घासणं ही चारही कामं चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि चिठ्ठीत जे निघेल ते मुलग्यालाही करावं लागेल हे आधीच सांगा. आमच्याकडे एका दहावीच्या पोरानं घासणीला हात लावायला पाऊण तास घेतला. तोही वर्गच होता.

स्वयंपाक शाकाहारी ठेवते, कारण त्यात सगळ्यांना जेवता येतं. ही सोय आहे, शाकाहार 'शुद्ध' आहे म्हणून नव्हे. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी नकळत चुकीचा धडा जातो. शेंगदाण्याची वा दुसरी ॲलर्जी कुणाला आहे का, ते आधी विचारून ठेवा. घरी काय शिजतं हे मात्र कुणालाही विचारायचं नाही, तुम्हीही नाही.

कांदा-लसूण न खाणारं जैन किंवा महानुभाव घरातलं मूल असेल तर त्याच्यासाठी बिनकांद्याचं वरण वेगळं काढा. यावर मुलं हटकून विचारतात, "मग हा भेदभाव नाही का?" नाही. मी काय खात नाही हे माझं मी ठरवते. माझ्या शेजारी कोण बसेल, भांड्याला कोण हात लावेल हे ठरवायला लागले की प्रश्न सुरू होतो. ही रेघ पहिल्याच दिवशी आखून द्या, पुढे फार उपयोगी पडते.

पालकांची सभा टाळू नका. एका परातीत पाच मुलं जेवणार आहेत, हे त्यांना तोंडावर सांगा. लपवून केलेलं कळल्यावर जो गोंधळ होतो तो मुलांना भोवतो. मी सभेत पैठणच्या नाथांची कथा सांगते: पितरांसाठी रांधलेलं अन्न त्यांनी दारातल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढलं. आपल्या भागात नाथांना नाही म्हणणारं कुणी भेटत नाही. तरीही दोन-तीन घरं मुलं पाठवत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, दार उघडं ठेवा.

शेवटची तयारी माठाची. पिण्याच्या पाण्याचा एकच माठ, एकच ओगराळं, आणि सारखे दिसणारे स्टीलचे पेले. घरून बाटली आणू नये एवढाच नियम. त्याबद्दल काहीही भाषण न करता माठ कोपऱ्यात ठेवा आणि पहिले दोन रविवार नुसतं पाहा. पाण्याकडे कोण जातं, कोण दुसऱ्यानं वाढून द्यायची वाट पाहतं, कोण तहान मारून बसतं. वहीत टिपा, नावं न लिहिता.

पहिला रविवार: इथिओपिया, आणि आपली ज्वारी

हा दिवस सर्वांत महत्त्वाचा. याला पूर्ण चार तास द्या.

सुरुवात मालदांडी ज्वारीच्या मूठभर दाण्यांनी करा. ही कुठली, असं विचारलं की मुलं म्हणतात, "आपल्या रानातली." मग सांगा की ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या सुदानच्या पूर्व भागातल्या लोकांनी ती शेतात लावायला घेतली आणि तिथून ती आपल्याकडे आली. सुदानमध्ये आजही ज्वारीचं पीठ आंबवून त्याचा पातळ किसरा करतात. शेजारच्या इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याचा इंजेरा होतो, आणि ज्वारीचाही होतो. ज्या भाकरीशिवाय आपलं भागत नाही ती परदेशी निघाली, की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पीठ आदल्या दिवशी कालवायचं. वीसएक मुलांसाठी दीड किलो ज्वारीचं पीठ, अर्धा किलो कणीक आणि साधारण तीन लिटर कोमट पाणी. कणीक घातली तर इंजेरा फाटत नाही, निव्वळ ज्वारीचा नवशिक्याच्या हातून तुटतोच. भगुणं दुप्पट मोठं घ्या, वर फडकं बांधा. आपल्या एप्रिलच्या उन्हात चोवीस तासांत आंबूस वास सुटतो आणि बुडबुडे येतात. दुसऱ्या दिवशी त्यातलं वाटीभर पीठ तीन वाट्या पाण्यात शिजवून खळीसारखं करा, कोमट झालं की परत भगुण्यात मिसळा. इथिओपियातल्या बायका असंच करतात. त्यामुळे पीठ बांधून येतं. मीठ घाला. तव्याला तेलाचा बोळा फिरवून पळीभर पीठ बाहेरून आत गोल ओता, वर जाळी पडू लागली की झाकण ठेवा. उलटायचा नाही. एकाच बाजूनं शिजतो.

"बाई, हे तर आपलं धिरडं हाय की," असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या.

सोबत मिसिर वॉट, म्हणजे मसुराचं घट्ट, तिखट वरण. त्याचा मसाला बर्बरे: सुक्या लाल मिरच्या पन्नास ग्रॅम, दोन चमचे धने, चमचाभर मेथी, चमचाभर मिरे, अर्धा चमचा ओवा, सात-आठ वेलच्या, पाच-सहा लवंगा, बोटभर दालचिनी. मंद भाजून कुटा, मग चमचाभर सुंठ मिसळा. आपल्या काळ्या मसाल्याचं नातं मुलांना वासावरून लगेच कळतं. मेथी कुणाच्याच लक्षात येत नाही, ती ओळखायला लावा. दीड किलो कांदा अगदी बारीक चिरून कोरड्याच पातेल्यात परता, तेल नंतर. ही इथिओपियाची खूण आहे. वीस मिनिटं हलवत राहावं लागतं, करपायला लागला तर पाण्याचा हबका. मग वाटीभर तेल, आलं-लसूण, चार-पाच चमचे बर्बरे, एक किलो धुतलेली मसूर डाळ आणि पाणी. पाऊण तासात वरण तयार. शिजत असताना सांगायला एक गोष्ट: इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही नाही, म्हणून त्यांच्याकडे डाळी-भाज्यांचे इतके पदार्थ. उपासाला कांदा-लसूण मात्र चालतो, हे ऐकून आमच्याकडे एकदा मोठी चर्चा झाली.

आता जेवण. चार-पाच मोठ्या पराती घ्या. परातीत इंजेरे पसरायचे, मधे वरण, कडेला कोबी-गाजराची परतलेली भाजी. एका परातीभोवती पाच मुलं, चिठ्ठ्यांनी ठरलेली. वेगळं ताट नाही, चमचा नाही.

पण त्याआधी हात धुणं. इथिओपियात पाहुण्याच्या हातावर घरचं माणूस भांड्यानं पाणी घालतं, खाली घंगाळ धरलेलं असतं. तो मान आहे. एका मुलाच्या हातात तांब्या द्या आणि सगळ्यांच्या हातावर पाणी घालायला सांगा. झाल्यावर विचारा: असं वरून पाणी घालताना आपल्याकडे कधी पाहिलंय का?

पहिल्या वर्षी या प्रश्नावर खूप वेळ कुणी बोललं नाही. मग नववीतला एक मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा सांगतात. शेतात मालक वरून वतायचा. ओंजळीत. तांब्या लागू नये म्हणून." तांब्या तोच, पाणी तेच, हातही तसेच पुढे केलेले. मी त्यावर काही बोलले नाही. एका मुलीनं तेवढ्यात तांब्या उचलला आणि राहिलेल्यांच्या हातावर पाणी घालायला सुरुवात केली.

इथेच दौलताबाद सांगावं. किल्ला आपल्याच भागातला, बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेला. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर तिथे गेले, प्रवासाच्या धुळीनं माखलेले म्हणून दरवाजाजवळच्या टाक्यातल्या पाण्यानं त्यांनी हातपाय धुतले, आणि टाकं बाटवलं म्हणून तिथल्या मुसलमानांनी गोंधळ घातला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. सांगताना 'मुसलमान' हा शब्द गाळू नका आणि तिथेच थांबूही नका, कारण वर्गातला कुणीतरी लगेच त्यावर उडी मारतो. त्याच लिखाणात पाणी नाकारणारे हिंदू आहेत, राहायला जागा नाकारणारे पारशी आहेत. एकानं अस्पृश्य ठरवलं की बाकीचेही तसंच वागवतात, हेच त्यांना दाखवायचं होतं. शेजारी बसलेल्या मुस्लिम मुलाकडे सगळ्यांनी वळून पाहावं अशी वेळ येऊ देऊ नका.

जेवताना शेवटची रीत गुरशा: आपल्या हातानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा. याची सक्ती कधीही करू नका. मी फक्त सांगते की तिथे अशी पद्धत आहे, आणि गप्प बसते. पहिल्या वर्षी पाच परातींपैकी दोनच परातींत घास फिरला. एका परातीत चार मुलं मधलं वरण खात होती आणि पाचवी आपल्यासमोरचा कडेचा तुकडा, फक्त कडेचा. तिनं मधे हात घातला नाही आणि कुणी तिला घाल म्हटलं नाही. मला ते दिसलं, आणि मी तिथे जाऊन काही बोलले असते तर सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं असतं. नंतरच्या रविवारी ती परात मोडली, चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या.

दुसरा रविवार: दक्षिण आफ्रिका आणि पावाचा तुकडा

हा दिवस नाजूक आहे. मी इथेच सर्वांत मोठी चूक केली.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णभेदाचं सरकार होतं. १९५३ च्या कायद्यानं बाकं, दवाखाने, गाड्या, समुद्रकिनारे वेगवेगळे केले. १९६४ मध्ये नेल्सन मंडेला आणि अहमद कथराडा यांना एकाच खटल्यात जन्मठेप झाली. कथराडा भारतीय वंशाचे. दोघं रॉबेन बेटावरच्या एकाच तुरुंगात गेले. तिथे कथराडांना लांब पँट मिळाली, मंडेलांना अर्धी चड्डी. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना पाव मिळायचा, आफ्रिकींना मक्याच्या पिठाची लापशी, साखरही कमी. लढा एक, शिक्षा एक, ताट वेगळं. हे अनेक वर्षं चाललं.

मुलांना हे नुसतं सांगितलं तर ती हळहळतात. ताटात दिलं तर कळतं. मक्याच्या पिठाची मीठ घातलेली पेज करा. अर्ध्या मुलांना पेज. अर्ध्यांना पेज, पाव आणि जॅम. दहा मिनिटं, त्याहून अधिक नाही. मग सगळ्यांना सगळं.

वाटणी कशी करायची यात मी चुकले. सोपं म्हणून रांगेनं केली: उजव्या रांगा पाव, डाव्या रांगा पेज. मुलं आपापल्या गल्लीच्या सोबत्यांबरोबर बसतात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. डाव्या बाजूला जवळजवळ सगळी एकाच वस्तीतली मुलं निघाली. दहा मिनिटांनी चर्चा सुरू केली, कसं वाटलं, वगैरे. एक मुलगी वाटीत बोट फिरवत म्हणाली, "बाई, मला हे नवीन नाही." त्यानंतरचा तास मी कसा रेटला ते आठवत नाही.

तेव्हापासून चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, उलट्या करून, एकेकानं उचलायच्या. शिक्षकानंही उचलायची. चिठ्ठ्यांतूनही वाटणी वस्तीवर गेली तर हसत पुन्हा टाका. आणि 'कसं वाटलं' हा प्रश्न पेज मिळालेल्यांना विचारू नका, पाव मिळालेल्यांना विचारा: "तुझ्या हातात पाव आला तेव्हा तू काय केलंस? शेजारच्याकडे पाहिलंस का?" त्यांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणी पटकन संपवला, म्हणजे मागायला नको. कुणी म्हणतं, "मला तर कमीच मिळाला, सरकारी गोऱ्याला किती मिळत असेल?"

हे उत्तर आलं की चार मडकी घ्या, नसतील तर चार डबे, आणि उतरंड रचा. आपल्याकडे जातीची उतरंड म्हणतात, तिचा अर्थ पुस्तकापेक्षा मडक्यांत लवकर समजतो. सर्वांत वरचं सोडलं तर प्रत्येक मडक्यावर कुणीतरी आहे, आणि सर्वांत खालचं सोडलं तर प्रत्येकाखालीही कुणीतरी आहे. पाव मिळालेला कैदी कुठल्या मडक्यात? शांतपणे त्यांना ठरवू द्या. कुणी खालचं मडकं ओढून पाहिलं तर पाहू द्या, फक्त मडकी रिकामी ठेवा.

जेवणाला बनी चाउ. डर्बनच्या भारतीयांचा हा पदार्थ: अख्ख्या पावाचा अर्धा तुकडा घेऊन आतला गाभा काढायचा, त्या पोकळीत उसळ भरायची आणि काढलेल्या गाभ्यानंच ती खायची. ताट लागत नाही. हॉटेलात बसायला मनाई असलेल्यांना अन्न हातात देता यावं म्हणून हा निघाला, अशी एक कथा सांगतात. नाव 'बनिया' वरून आलं, असंही सांगतात. बेकरीवाल्याला आदल्या दिवशी न कापलेला ब्रेड सांगून ठेवा. राजमा किंवा चवळीची उसळ रस्सा कमी ठेवून करा, नाहीतर पावाचं बूड गळतं. आमचं गळलं. सगळ्यांनी परातीवर धरून खाल्लं.

तिसरा रविवार: अमेरिका, थोडक्यात

या दिवशी स्वयंपाक कमी आणि विक्री जास्त. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला आणि कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. लोकांना कामावर न्यायला गाड्या लागत, पेट्रोल लागे. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी इतर बायकांना जमवून सँडविच, 'पाय' (सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ), केक करून विकले आणि ते पैसे लढ्याला दिले. त्यांच्या गटाचं नाव होतं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. बचत गटातल्या आयांना ही गोष्ट मुलांपेक्षा जास्त आवडते.

उकडलेली रताळी कुस्करून, गूळ, वेलची, दालचिनी घालून तव्यावर छोट्या टिक्क्या भाजा. तिकडच्या रताळ्याच्या 'पाय'ला ओव्हन लागतो, तो आपल्याकडे नाही. टिक्क्या आठवडी बाजारात विका. मुलांनी ओरडून विकायला हवं. आमच्या पैशांतून शाळेसाठी दुसरा माठ आला.

दुसरी घटना ग्रीन्सबरोची, नॉर्थ कॅरोलायनातली. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्ट वगैरे घेतली, पैसे दिले, पावती मिळाली. मग खाण्याच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग आणखी; जुलैमध्ये तो काउंटर सर्वांना खुला झाला.

इथे पहिल्या दिवसाची ज्वारी परत काढा. त्या दुकानाला त्यांचे पैसे चालले, काउंटरवर बसणं चाललं नाही. आपल्याकडे काय चालतं आणि काय नाही? फळ्यावर पायऱ्या लिहा: दाणा, शिधा, पीठ, पाणी, भाकरी, ताट, चूल, लग्न. कुठल्या पायरीवर कोण अडतं? मुलं नावं घेऊ लागली की थांबवा, 'कोण' ऐवजी 'कुठे' एवढंच लिहायचं. शिध्यावर आमच्याकडे बराच वेळ गेला. शिधा देणं पुण्याचं समजतात, मग शिजवून का देत नाहीत, असं एकीनं विचारलं. मग संविधानाचं कलम १५ वाचा: दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट यांत जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येत नाही. कलम १७ एका ओळीत अस्पृश्यता संपवतं. 'उपाहारगृहं' हा शब्द संविधानात कशाला लिहावा लागला, हे मुलांना आता वेगळं सांगावं लागत नाही.

चौथा रविवार: नांदेड

आम्ही सकाळच्या गाडीनं नांदेडला जातो. हजूर साहिबच्या लंगरला बसायचं. गुरू गोविंदसिंगांचा १७०८ मध्ये तिथेच देहान्त झाला. मुलांना आधीच सांगा: डोकं झाकायचं, चपला बाहेर, हातपाय धुवायचे, पानात टाकायचं नाही, आणि रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. पंगतीत शेजारी कोण येतं ते ठरलेलं नसतं. जेवल्यावर तासभर भांडी घासायची सेवा मागा, बहुधा नाही म्हणत नाहीत. पहिल्या रविवारी घासणीला पाऊण तास लावणारा तो मुलगा तिथे ताटांच्या ढिगापाशी दिसला तेव्हा मला बरं वाटलं; पण घरी गेल्यावर त्यानं स्वतःचं ताट उचललं का, ते मला ठाऊक नाही.

पाहुणा बोलवायचा असेल तर

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आफ्रिकेतले आणि अरब देशांतले विद्यार्थी शिकतात. विभागप्रमुखांमार्फत विचारा. प्रवासखर्च आणि मानधन द्या. 'आमच्या मुलांना अनुभव मिळेल' एवढ्यावर कुणाचा रविवार मागू नये. पाहुण्यानं आपल्यासाठी रांधायचं नाही, आपल्याबरोबर रांधायचं. केसांना हात लावणं, रंगावर बोलणं, सेल्फीसाठी रांग लावणं, हे आधीच बजावून बंद करा. 'हबशी' हा शब्द आपल्याकडे टिंगलीत वापरतात. तो मुळात अबिसीनिया, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या नावावरून आला, हे सांगून लगेच मलिक अंबर सांगा: १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. शहराला पाणी आणणारी नहर त्याची. त्याची कबर खुलताबादला आहे.

मुलांनी दहा प्रश्न विचारले तर पाहुण्यालाही दहा विचारू द्या. इथे घर भाड्यानं मिळायला किती दिवस लागले, हा प्रश्न मात्र मुलांनीच विचारावा.

ताटाची वही

चारही आठवडे प्रत्येकानं घरी एक वही ठेवायची. रोज तीन ओळी: आज घरात पहिलं कोण जेवलं, शेवटी कोण जेवलं, आणि शिळं कुणाच्या पानात गेलं. आठवड्यातून एकदा: कामाला आलेल्या माणसाला चहा कुठल्या कपात दिला. वहीवर नाव नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मुलं येऊन सांगायला लागतात की शेवटी जेवणारं माणूस रोज एकच असतं, आणि ते माणूस म्हणजे आई. काहीजण मग आईला आधी वाढायला जातात आणि ओरडा खातात. खाऊ द्या, तेही वहीत लिहायला सांगा.

वह्या शेवटी मुलांनाच परत द्यायच्या. वाचायला मागायच्या नाहीत, वाचून दाखवा म्हणायचं नाही, प्रदर्शनात मांडायच्या नाहीत. घरातली गोष्ट बाहेर आली की मार मुलाला बसतो. माझ्याकडे एक वही राहिली आहे. डबा घरून आणणाऱ्या त्या मुलाची. तो दहावीनंतर पुण्याला गेला आणि न्यायला आलाच नाही. कपाटात बर्बरेच्या बरणीशेजारी ठेवली आहे. उघडलेली नाही.